गोल डोक्यांची काच

बाटली हातात आली की ती आधी जनेलाकडे वळायची. जनेल म्हणजे खिडकी. दोन बोटांनी बाटलीची मान धरायची, उजेडात जराशी तिरकी करायची आणि समोरच्या पुरुषाकडे न बघता विचारायची, "हें तुमचेंच न्हय?" म्हणजे, हे तुमचेच ना?

तेव्हा पुरुषांची तोंडे बघण्यासारखी होत. कोणी चपलांकडे बघे, कोणी बायकोकडे. पाळी गावचा एक कंत्राटदार होता. गळ्यात जाड साखळी, आवाजही जाड. तो चिडून म्हणाला, "मग काय लोक शेजाऱ्याचे आणून देतात?"

"देतात," ती म्हणाली आणि बाटलीवर नंबर घालू लागली. तो माणूस साखळी चाचपत जिना उतरला.

डिचोलीच्या बाजारामागे एका गल्लीत, वरच्या मजल्यावर ती लॅब होती. मी तिथे झाडलोट करायचे. खाणी थंड पडल्या, मुलाचा ट्रक दारात उभा राहिला, तेव्हापासून मी ते काम धरले. रक्त, लघवी, थुंकी असे सगळे तिथे तपासत. शिवाय ती एक बाटली, जिचे नाव बाकावर बसलेले कोणी घेत नसे. मालक डॉक्टर म्हापशाचे. ते अधूनमधून येत, सह्या करत आणि जात. बाकी सगळा कारभार तिच्या हातात.

तिचे नाव मी लिहीत नाही. तिला ते खपले नसते. आम्ही सगळे तिला बाय म्हणत होतो. ती पेडण्याकडची, कोरगावची. डिचोलीत एक खोली भाड्याने घेऊन राहायची आणि शनिवारी बाप बघायला गावी जायची. लग्न केले नव्हते. का केले नाही असे मी एकदा विचारले. ती म्हणाली, "तू का केलेस ते सांग, मग मी सांगते." मी झाडू उचलला.

तुम्हीही संशयी माणसे पाहिली असतील. पण बहुतेकांचा संशय निवडक असतो. सुनेवर असतो, शेजाऱ्यावर असतो, दुकानदारावर असतो. तिचा सगळ्यांवर सारखा होता. दूधवाल्याचे दूध ती काचेवर घालून बघायची. सकाळी पाव घेऊन पोदेर यायचा, त्याला म्हणायची, "कालचा न्हय मरे?" पाव गरम असला तरी विचारायची. नवीन मायक्रोस्कोप विकायला टाय लावलेला एक माणूस आला होता. त्याने अर्धा तास इंग्रजीत गोडवे गायले. तिने त्याला जुन्यातली एक काच दाखवली, मग नव्यातली तीच काच दाखवायला सांगितली आणि म्हणाली, "ह्यात रंग जास्त गोड दिसतात. असे असत नाही." तो गेला.

माझ्यावरही होता. तिच्या कदेलाचा, म्हणजे खुर्चीचा, एक पाय फरशीच्या सांध्यावर असे. मी पुसताना खुर्ची हलवली की सकाळी आल्या आल्या म्हणे, "मावशे, इथे कोणी बसलेले?"

"मीच सरकवली."

"सरकवलीस की बसलीस?"

आणि खरे सांगते, माझाही तिच्यावर होता. बिनलग्नाची बाई, दिवसभर एका डोळ्याने परक्या पुरुषांचे ते काय ते बघत बसते, यात तिला काय मिळते, असे मला वाटायचे. मी झाडता झाडता तिच्या तोंडाकडे बघायचे. हसते काय, लाजते काय. काही नाही. तांदूळ निवडणाऱ्या बाईचे असते तसे तोंड.

त्या बाटलीचा एक नेम असतो. लॅबने दिलेल्या स्वच्छ बाटलीतच धरायचे, अंगाच्या गरमीने जपायचे आणि वेळ न घालवता आणून द्यायचे. एवढे सोपे. पण आमच्या लोकांना बाटली घरी नेताना लाज वाटे. एक जण काजूच्या दारूच्या छोट्या बाटलीतून घेऊन आला. पाण्याने विसळली होती म्हणाला. तिने बघितले, सगळे मेलेले. बाहेर येऊन म्हणाली, "सगळे पडून आहेत. प्यायलेले दिसतात." तो बिचारा घाबरला. त्याला वाटले आपल्याच अंगातली दारू तिथवर पोचली. त्याने त्या दिवसापासून सोडली असे त्याची बायको पुढे सांगत होती, तेव्हा तेवढा फायदा झाला.

दुसरा एक ट्रकवाला. गरम ठेवा असे सांगितले म्हणून त्याने बाटली इंजिनाच्या झाकणावर ठेवून आणली. तिने हात लावला आणि परत त्याच्याकडे दिली. "हे शिजले," म्हणाली. तिसऱ्याने बांगडे आणतात तशी बर्फात घालून आणली. तिने विचारले, "हें तुमचेंच न्हय?" तो म्हणाला, "हो, ताजे आहे." त्यावर मात्र ती आत जाऊन खोकली. ती हसायची तेव्हा खोकायची.

एकदा दुपारी कोणी नव्हते. तिने मला हाक मारली.

"मावशे, ये. रोज ह्याच्या भोवती फडके मारतेस, आत काय आहे ते तरी बघ."

मी डोळा लावला. आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग उजेड, मग त्या उजेडात वळवळ.

"बेडकाची पिल्ले," मी म्हटले.

"सगळे तेच म्हणतात. नीट बघ. बेडकाचे पिल्लू गुबगुबीत असते. हे कसे आहे?"

मी परत बघितले. एक शुक्राणू फिरत फिरत मधोमध आला. समोरून डोके लांबट, आणि कडेवर वळला की एकदम पातळ. काकडीची बी असते तसे. मी तसे सांगितले.

"आता बघितलेस," ती म्हणाली.

मग रंग दिलेली काच लावली. रंग दिला की ते मेलेले असतात, पण स्वस्थ असतात आणि बघता येतात. तिने एकेक सांगितले. डोक्यात मागच्या बाजूला गडद दिसते, तो बापाकडचा वाटा. मूल व्हायला जे लागते त्यातला अर्धा. उरलेला अर्धा आईच्या बीजात. डोक्यावर पुढून फिकट दिसते ती टोपी.

"टोपी कशाला?"

"आत जायला. आईच्या बीजाला वेष्टन असते, जाड. टोपीत रस असतो. तो सुटला की वेष्टन विरते. काजूच्या सालीतले तेल हाताला लागले की कातडी जाते ना? तसे समज."

"आणि टोपी नसली तर?"

"तर दारात उभा."

डोक्याखाली आखूड मान, मानेखाली थोडा जाडसर भाग. तिथे इंजिने, ती म्हणाली, बारीक बारीक, सुंभ गुंडाळावे तशी गोल गोल गुंडाळलेली. त्याच्या पुढे लांब शेपूट, टोकाला आणखी बारीक होत गेलेले. एवढेच. शिधा नाही, पाणी नाही. लांब जायचे आणि बरोबर पिशवी घेतलेली नाही.

"आत गेला की शेपटीचे आणि इंजिनाचे काही राहत नाही," ती म्हणाली. "तिथे ते मोडीत काढतात. बापाचे इंजिन पोराला मिळत नाही. पोर आईच्या इंजिनावर चालते."

मला हे पटले नाही. माझा उमेश चालतो तो हुबेहूब बापासारखा, एक खांदा पाडून. मी विचारले, "हे तुला कोणी सांगितले?"

"शिकले."

"ज्याने शिकवले त्याने बघितले होते?"

ती माझ्याकडे बघत राहिली, मग खोकली. त्या दिवसापासून तिने माझ्यासाठी खुर्चीचा पाय सांध्यावर ठेवणे सोडले. की दुसरी काही खूण शोधली, देव जाणे.

मग ती मला अधूनमधून काचा दाखवू लागली. कोणाला दोन डोकी, कोणाची मान मोडलेली, कोणाचे शेपूट वेटोळे घालून बसलेले. मी म्हटले, "हा बापडा गेला." ती म्हणाली, "ह्या माणसाला चार पोरे आहेत. चांगल्या माणसाच्या थेंबातही वाकडेच जास्त. सरळ थोडे. थोडे पुरतात."

भाचीचे लग्न होते म्हणून मी काही दिवस सुट्टीवर गेले. परत आले त्या दिवशी तिने बादली खाली ठेवायलाही वेळ दिला नाही. "मावशे, बघ. काय वेगळे ते सांग."

मी बघितले. सगळी डोकी गोल. वाटाण्यासारखी. एकही लांबट नाही, एकालाही पुढून फिकट नाही. वाकडी नव्हती, मोडकी नव्हती. नुसती गोल.

"टोपी नाही," मी म्हटले. "कोणालाच नाही."

"मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघते," ती म्हणाली.

"औषध आहे?"

"कमी झालेले वाढतात. दमलेले पळतात. ताप आलेला, इंजिनाच्या गरमीत बसणारा, दारू पिणारा, ह्यांचे आज एक असते, चार महिन्यांनी दुसरे. हे बदलत नाही. आज गोल, म्हातारपणीही गोल. जन्मापासूनचे असते."

"म्हणजे मूल नाहीच?"

"आपसूक नाही. मोठ्या इस्पितळात सुईने डोके उचलून बीजात सोडतात. तिथे टोपी लागत नाही. कधी होते, कधी नाही."

"कोण गे हा?"

तिचे तोंड एकदम मिटले. "काचेला नंबर असतो, मावशे. मी कोणाच्या बाटलीबद्दल दुसऱ्याशी बोलत नाही." आणि दिवा बंद केला. तो दिवा ती पाणी प्यायला उठली तरी बंद करायची. चालू दिवा सोडून ती कधी उठली नाही.

आता घरचे सांगते, नाहीतर पुढचे कळणार नाही.

आमचे घर मुळगावला. उमेश माझा एकुलता एक. त्याची बायको सुलभा दोडामार्गाकडची. लग्नाला बरीच वर्षे झाली होती, घरात मूल नव्हते. नवऱ्यामागे घरातला पुरुष माणूस म्हणजे माझा धाकटा दीर, शेजारच्याच घरात राहणारा. गप्प राहणे त्याला जमत नाही. त्याने सुलभाला झाडपाल्याचे काढे आणून दिले, नवस बोलायला लावले, ओट्या भरायला लावल्या. शेवटी देवळात कौल लावला. आमच्याकडे देवाच्या पाषाणाला फुलाच्या कळ्या लावतात आणि प्रश्न घालतात. उजवी पडली तर होय. दिराने प्रश्न घातला, "घरात आणलेल्या बाईच्या अंगी दोष आहे काय?" उजवी पडली.

झाले. चवथ होऊन गणपती पोचवले की सुलभालाही माहेरी पोचवायचे असे त्याने ठरवले. पुढचे वकील बघेल. हे तो तिच्या देखत बोलला. ती विहिरीवरून बादल्या आणत होती. एक बादली ठेवली, दुसरी आणायला गेली.

उमेश खाली बघून भात जेवत होता.

मला सुलभावर संशय नव्हता असे नाही. मला सगळ्यांवर होता. पण उमेशचे ते खाली बघणे मला आवडले नाही. लहानपणी गूळ खाल्लेला असला की तो असाच बघायचा.

मी लॅबमध्ये बायला हे सांगितले. ती हात पुसत उभी होती.

"कौल कोणावर लावला?"

"सुनेवर."

"मुलावर लावला?"

"त्याच्यावर कित्याक लावणार?"

"मग देवाला अर्ध्याच माणसांबद्दल विचारले." एवढे बोलून ती काचा धुवायला लागली. तिचे घराणे देवळाच्या मानातले होते, देवावर तिचा संशय नव्हता. विचारणाऱ्यावर होता.

मी घरी जाऊन सांगितले, उमेशचे तपासायचे, आमच्याच लॅबमध्ये, माझ्या डोळ्यांदेखत. नाहीतर चवथीला मी चूल पेटवणार नाही. दीर म्हणाला, "वैनी, पुरुषाला असे कोणी बोलते?" उमेश मात्र पटकन म्हणाला, "देतो की." फार पटकन म्हणाला.

ठरलेल्या दिवशी तो आला. बाटली शर्टाच्या आत, पोटाशी. बरोबर दीर. मी फरशी पुसत होते ती थांबले. तिने बाटली जनेलाकडे धरली. "हें तुमचेंच न्हय?"

"हो," उमेश म्हणाला.

ती आत गेली. बराच वेळ लागला. बाहेर आली ती हातात कागद नव्हता. उमेशसमोर उभी राहून तिने परत विचारले, "हें तुमचेंच न्हय?" तिने कोणाला दुसऱ्यांदा विचारलेले मी कधी ऐकले नव्हते.

"किती वेळा सांगू?"

"परत द्यावे लागेल. इथेच. मागे न्हाणी आहे, कडी लागते."

दीर उठला. "एकदा दिलेले आहे. त्यात काय वाईट आहे ते सांगा."

"त्यात वाईट काही नाही."

"मग तसा कागद द्या."

"देणार नाही. का ते मी ह्यांना एकट्याला सांगेन."

उमेशच्या तोंडावरचे रक्त उतरले. दीर बडबडू लागला, बायका माजल्या, मालकाला फोन लावतो, असे काहीबाही. मी तिला आत ओढले. मला तिचाच राग आला होता. इतके पुरुष बाटल्या आणतात, कागद नेतात, आणि नडायला माझाच मुलगा सापडला? बाटल्यांची अदलाबदल तिनेच केली असेल आणि आता झाकत असेल, असेही माझ्या मनात आले.

"माझ्या मुलाशी तुझे वैर काय?"

ती म्हणाली, "वैर असते तर कागद दिला असता."

मी उभी राहिले. मग बाहेर येऊन उमेशला नवी बाटली दिली आणि म्हटले, "जा आत."

"आई, घरी जाऊया."

"जा."

दिराला बायकांसमोर हे बोलणे सोसेना, तो खाली चहाला गेला. उमेश न्हाणीत गेला. किती तरी वेळाने आला, बाटली टेबलावर ठेवली आणि कोणाकडे न बघता जिना उतरून गेला. ह्या वेळी तिने त्याला काही विचारले नाही. पातळ व्हायला ठेवली, काच केली, वाळवली, रंग दिला, धुतली. मी तीच ती फरशी पुसत होते. तिने डोळा लावला आणि थोड्या वेळाने काढला.

"हात धुऊन येते," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

दिवा चालू होता.

मी फडके ठेवले, साडीला हात पुसले आणि वाकले. वाटाणे. जिकडे बघावे तिकडे गोल, टोपी नसलेली डोकी. भाचीच्या लग्नाहून आल्यावर बघितली होती तशीच्या तशी.

ती आली तेव्हा मी फरशीवर होते. तिने दिव्याकडे बघितले, माझ्याकडे बघितले आणि दिवा बंद केला. मी फडके पिळले.

घरी गेल्यावर मी दिराला बोलावले. उमेश होता, सुलभाही होती. उभ्या उभ्याच सांगितले. "सुनेत दोष आहे की नाही मला माहीत नाही. मुलात आहे, तो मी बघितला. तिला कोणी पोचवायचे नाही. तिला जायचे असेल तर ती आपल्या पायांनी जाईल."

"आणि कौल?" दीर म्हणाला.

"तो हिच्यावर लावलास. आता उमेशवर लाव. चल, मी येते."

तो आला नाही. उमेशने मग सगळे सांगितले. मी लग्नाला गेले होते तेव्हा त्याने गुपचूप एकदा तपासून घेतले होते. बायने त्याला सुईचेही सांगितले होते. त्याने कागद फाडून नदीत सोडला. आणि दुसऱ्या वेळी शर्टातून आणली ती बाटली मित्राची. कोणत्या मित्राची ते सांगत नाही. आता त्याचे लेकुरवाळे ड्रायव्हर दोस्त घरी आले की मी सगळ्यांना एकाच नजरेने बघते.

सुलभाने चुलीवरचा भात उतरवला, चार ताटे घेतली होती त्यातले दिराचे परत ठेवले.

दिराने दुसऱ्याच दिवशी म्हापशाला फोन लावला. तुमची बाई लोकांची बिंगे फोडते, म्हणाला. डॉक्टर आले. त्यांनी आधी मला बोलावले.

"तिने तुम्हाला काय सांगितले?"

"काही नाही."

"मग तुम्हाला कसे कळले?"

"बघितले."

ते हसले. "मावशी, मायक्रोस्कोपमधले तुम्हाला कसे कळेल?"

मी त्यांना काकडीची बी आणि वाटाणा सांगितला. त्यांनी ते ऐकले नाही. तिला विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "दिवा बंद करणे माझे काम होते." दुसरा बचाव केला नाही. डॉक्टरांनी तिला कामावरून काढले. जाताना तिने काचांचे डबे, रंगांच्या बाटल्या, सगळे एकेक डॉक्टरांच्या हातात दिले आणि प्रत्येकाला म्हणाली, "बघून घ्या." पिशवीत स्वतःचा टॉवेल आणि पाण्याची बाटली घातली आणि गेली. मीही महिनाअखेर काम सोडले. तिथे आता एक मुलगा असतो. तो बाटली घेतो, खाली मान घालून नंबर लिहितो, कोणाला काही विचारत नाही. लोकांना तो आवडतो.

ती आता नाही. काजूच्या हंगामात आम्ही तिला भेटून आलो आणि पुढच्या पावसात ती गेली. ताप आला होता म्हणतात. औषध कोणत्या दुकानातले आहे यावर ती दोन दिवस अडून बसली होती म्हणे. कोणी सांगितले ते खरे असेलच असे नाही, पण पटते.

त्या भेटीला मला सुलभाने नेले. चवथ होऊन गेली होती, दिवाळी होऊन गेली होती. ती माहेरी गेली नव्हती. उमेशशी बोलत होती, कामापुरते. एक दिवस मला म्हणाली, "आई, मग माझ्यात काही नाही ना?"

"मला काय ठाऊक? तुझे मी बघितलेले नाही."

"त्या बायना ठाऊक असेल?"

म्हणून आम्ही बस बदलत कोरगावला गेलो. बाय अंगणात बसून बोंडूंच्या, म्हणजे काजूच्या फळांच्या, बिया पिळून काढत होती. हात काळे पडले होते. आम्हाला बघून उठली नाही.

"कोणी पाठवले? म्हापशाच्या डॉक्टराने?"

"कोणी नाही," मी म्हटले. "एक विचारायचे होते. तो दिवा तू मुद्दाम ठेवलेलास?"

"तू आत बघितलेस असे कोण म्हणतो?" ती म्हणाली. एवढ्यावरच तो विषय संपला. पहिली गोल डोक्यांची काच तिने मला का दाखवली होती, तेही मग मी विचारले नाही. विचारून काय, तिने उलट मलाच विचारले असते.

"ही कोण?"

"माझी सून."

तिने सुलभाकडे बराच वेळ बघितले. मग सोप्यावरची, म्हणजे दारापुढच्या बाकावरची, सुपे उचलून बाजूला केली. एकाच माणसापुरती जागा झाली. सुलभा बसली. मी उभी होते. बायने पाणी आणले, त्याआधी पेला परत धुतला.

सुलभाने पेला हातात धरूनच विचारले. तिचा आवाज मला ओळखीचा वाटला नाही. "बाय, तुम्हाला सगळे ठाऊक आहे. दोष त्यांच्यात होता. म्हणजे माझ्यात काही नाही ना? तुम्ही सांगा. तुम्ही सांगितले की मला पुरे."

दुसरी कोणी असती तर होय म्हणाली असती. पोर तेवढ्यासाठी दोन तालुके ओलांडून आली होती. मलाही वाटले, म्हण आता.

ती म्हणाली, "तुझे मी तपासलेले नाही."

मला वाटले सुलभा आता रडणार. तर ती हसायला लागली. आधी थोडे, मग पेल्यातले पाणी सांडेपर्यंत. दिराने बघितले नव्हते, देवळातल्या भटाने बघितले नव्हते, काढेवाल्याने बघितले नव्हते, मी बघितले नव्हते. सगळे बोलले होते. न बघता गप्प राहिलेली ही पहिलीच.

"हसण्यासारखे काय?" बायने विचारले. तिला आपली थट्टा झाल्यासारखे वाटले.

"काही नाही, बाय." सुलभाने पदराने डोळे पुसले. "कुठे तपासतात ते सांगा. आम्ही दोघे जाऊ. सुईचेही विचारू."

तिने इस्पितळ सांगितले, कोणत्या वारी जायचे ते सांगितले, आणि तिथल्या लोकांना काय काय विचारायचे तेही. हे फार वेळ चालले. ते दोघे आता जातात. काय होते, काय नाही, मला सांगत नाहीत. मीही विचारत नाही.

निघायच्या आधी सुलभा अंगणात उकिडवी बसली आणि टोपलीतला एक बोंडू घेऊन बी पिळू लागली. बाय तिच्या हातांकडे बघत राहिली, बीला गर चिकटून येतो काय, साल फाटते काय. मी म्हटले आता काहीतरी बोलणार. तर थोड्या वेळाने तिने दुसरी टोपलीही सुलभाच्या बाजूला सरकवली.